चोरीला गेलेला पोचा

१

"ठमे, माझ्या गाडीचा पोचा चोरीला गेलाय."

फोनवर दादाचा आवाज असा काही खोल गेला होता की बहिणीने हातातलं काम बाजूला ठेवलं. तिची सगळी नोकरी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, घासलेल्या, चेपलेल्या गाड्या तपासण्यात गेलेली. आरसे चोरीला जातात, चाकं जातात, अख्खी गाडी जाते, हे तिला ठाऊक होतं. पण पोचा?

"दादा, पोचा येतो रे. जात नाही."

"गेलाय म्हणतो ना! लेकीकडे राहून काल परत आलो. आज सकाळी खाली गेलो, तर दार गुळगुळीत. जणू कधी काही झालंच नव्हतं."

"मग बरंच झालं की. कुणीतरी पुण्य कमावलं तुझ्या दारात."

ती हसली. मग पलीकडून एक आवाज आला आणि ती हसायची थांबली. वडील गेले तेव्हा दादा असा रडला होता, त्यानंतर आत्ता.

"हे काम त्या पोराचंच," तो कसाबसा म्हणाला. "त्याला मी सांगितलंय, ह्या घराची पायरी चढायची नाही. माझा मुलगा म्हणून माझ्यापुरता तो संपला."

"काहीतरीच काय बोलतोस! एका पोच्यापायी?"

"तुला माहीत नाही तो पोचा कोणाचा होता."

२

इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दादाला सगळे 'गाडीकाका' म्हणत. समोर आदराने, पाठीमागे डोळे मिचकावून. त्यांची डाळिंबी गाडी उभी असायची ती एखाद्या नव्या नवरीसारखी झाकून-पाकून. एका अंगाला भिंत, तिला स्पंजाचे पट्टे. चारही दारांच्या कडांना रबरी पट्ट्या. शेजारच्या गाडीच्या बाजूने एक जुनी रजई, वर खिडकीच्या फटीत अडकवून खाली सोडलेली. बाजारात गेले तर दुकानाच्या दारापासून पार लांब, जिथे चिटपाखरू नाही तिथे ते गाडी लावत आणि उन्हातून चालत येत.

"दोन दारांची गाडी असेल तिच्या शेजारी कधी लावू नये, तिची दारं लांब असतात," हे ते लग्नाच्या जेवणावळीतही सांगत. "मागे लहान मुलाची खुर्ची दिसली की दुसरी जागा बघायची. आईच्या कडेवर पोर असतं, दार ढकलायला उरतो तो पाय."

आज मात्र दादा रजई बाजूला धरून नुसता उभा होता.

"इथे होता," तो म्हणाला. ड्रायव्हरच्या दाराच्या मधोमध, हँडलच्या खाली, त्याने तळवा टेकवला. "बरोब्बर हात बसायचा. रोज सकाळी येऊन ठेवायचो."

"तो पोचा वहिनीचा होता ना?"

दादाने मान हलवली. मग सांगू लागला. गाडीशी बोलावं तसा, बहिणीकडे न बघता.

"शेवटच्या दिवशी ती बाजारात गेली होती. परत आली आणि दारातूनच म्हणाली, अहो, माझ्या हातून गाडीला लागलं हो. तिथल्या पार्किंगमध्ये दार उघडताना खांबाला आपटलं. मी खाली येऊन बघितलं, वर गेलो आणि तोंड फुगवून बसलो. जेवलो नाही. बोललो नाही. रात्रभर तिच्याकडे पाठ करून झोपलो. सकाळी चहाला उठवायला गेलो तर…"

पुढचं बहिणीला माहीत होतं. झोपेतच गेली, पुण्यवान होती, असं सगळे म्हणाले होते.

"मला दुसरं काही नको होतं," दादा म्हणाला. "माझा करंटेपणा माझ्या डोळ्यांसमोर राहावा, एवढंच. त्याला दुसरा ओरखडासुद्धा लागू नये म्हणून ही रजई. आणि त्या पोराने तोच पुसून टाकला."

"इतर कोणी…"

"किल्ली फक्त त्याच्याकडे आहे."

बहिणीचा एक नेम होता. खात्री झाल्याशिवाय कुणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. ती खाली वाकली. दादाने जिथे तळवा ठेवला होता तिथेच तिने आपला ठेवला, मग दाराच्या कडेवरून, रबरी पट्टीवरून, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पट्टी अखंड होती. जुनीच होती.

तेवढ्यात तिला एक गोष्ट कळली. पोचा कोणी नेला ते नव्हे. पण जे कळलं त्याने ती तिथेच खाली बसली.

"काय झालं गं?"

"गुडघा," ती म्हणाली. नेम नसता, तरी हे ती आत्ता बोलली नसती.

३

भाच्याचं पडद्यांचं दुकान होतं. कापडाच्या उभ्या गुंडाळ्यांमधून तो बाहेर आला तोच हात जोडून.

"आत्या, तू त्यांची वकिली करायला आली असशील तर चहा घे आणि जा."

"चहा घेते. वकिली नंतर. पोचा तू काढलास?"

"मी? त्या गाडीला हात लावायची माझी टाप आहे का? लहानपणी मी दार जोरात लावलं की ते दाराला विचारायचे, लागलं का रे. मला नाही विचारायचे!" तो हसायला गेला आणि जमलं नाही. "ती गाडी विकून टाका म्हटलं होतं मी, ते खरंय. आई गेल्यापासून बघतोय. घरात तिचा फोटो आहे, त्याच्याकडे बघत नाहीत. खाली जाऊन गाडीला गोंजारतात. कसं वाटत असेल आत्या, सांग ना? आईपेक्षा त्यांना पत्रा जास्त."

"पोचा कसा पडला, तुला माहीत आहे?"

"कोणास ठाऊक. कधी बोलतात ते माझ्याशी?"

म्हणजे पोराला काहीच माहीत नव्हतं. बापाने आपलं दुःख असं जपलं होतं, की ते बाहेरून अगदी गाडीवरच्या प्रेमासारखं दिसावं.

"तुझ्याकडची किल्ली कुठे आहे?"

त्याने गल्ल्याच्या खणातून काढून दिली. "घेऊन जा. नकोच मला."

ती किल्ली तिने तळहातावर तोलली. "हे बघ, पोचा काढायच्या दोन तऱ्हा. दार उघडून, काच खाली करून, आतून सळई घालून हळूहळू पत्रा बाहेर रेटायचा, ही एक. आणि किल्ली नसेल तर बाहेरून. गरम गोंदाने एक बुटकी मूठ चिकटवायची आणि ओढायची. तुझ्यासारखा किल्लीवाला माणूस बाहेरून कशाला झटेल? सरळ गाडी कारखान्यात नेईल."

"मग?"

"मग गाडीच्या उंबऱ्यावर, दाराच्या खालच्या अंगाला, वाळलेल्या गोंदाचा एक थेंब मला सापडलाय. मसुराएवढा. तू नव्हेस बाळा."

भाच्याने तोंड फिरवलं आणि एक पडदा उगाच पुन्हा गुंडाळायला घेतला. "हे त्यांना सांग."

"सांगेन. पण नुसतं 'तो नव्हे' म्हटल्याने तुझ्या बापाचं समाधान होईल का? कोण, ते सांगावं लागेल."

४

गाड्या पुसणाऱ्याला सगळे 'चकचक' म्हणत, कारण कोणत्याही प्रश्नाला त्याचं उत्तर, करतो की चकचक.

"गाडीकाका गावाला गेले तेव्हा तू गाडी पुसलीस?"

"नाय बाई. काका म्हणाले, मी नसताना हात लावायचा नाही. मी कशाला मरायला हात लावू? मागे एकदा रजईची घडी उलटी घातली तर काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी त्या रजईला नमस्कारच करतो."

"कोणी गोंद, दिवा, अवजारं घेऊन आलेला दिसला?"

चकचकने फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. "माझ्यावर येतंय का हे?"

"नाही. गाडीच्या बाकी अंगावर धूळ आहे, दाराचा मधला तेवढा भाग स्वच्छ. तू पुसतोस तेव्हा सगळी पुसतोस. अर्धी पुसलेली गाडी तुला बघवत नाही, हे मला आत्ता कळतंय. बोलता बोलता तू माझी पर्ससुद्धा पुसलीस."

तो ओशाळून हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, दुपारी एक माणूस आला होता. पेटीवाला. मी विचारलं तर म्हणाला, बाईंनी बोलावलंय."

"कोणत्या बाईंनी?"

"ते नाय विचारलं. बाई म्हटलं की घरातल्याच असणार. मला वाटलं, तुम्हीच."

५

दादाच्या शेजारची जागा एका तरुणीची होती. तिचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान, म्हणून ती चष्मेवाली. एकटी राहायची. "शहाणी पोर," असं दादा तिच्याबद्दल सांगायचा. "दाराला पट्टी लावा म्हणून मी अख्ख्या इमारतीच्या कानीकपाळी ओरडलो. ऐकलं फक्त तिने. तुझी वहिनी गेली, त्याच आठवड्यात लावली."

संध्याकाळी बहीण तळघरात खांबाआड उभी राहिली. चष्मेवालीची पांढरी गाडी आली. पुढून घुसण्याऐवजी तिने ती उलटी, मागे घेत घेत लावली. असं लावल्यावर ड्रायव्हरचं दार दादाच्या गाडीपासून लांब गेलं. एवढंच असतं तर नवल नव्हतं. पण गाडी लावून झाल्यावर, मागच्या सीटवर रजईच्या अंगाला ठेवलेली पिशवी तिने सरळ घेतली नाही. आधी खाली उतरली, अख्ख्या गाडीला वळसा घातला, रजईच्या बाजूचं दार हातभरसुद्धा न उघडता डिकीतून वाकून, आडवी होऊन तीच पिशवी ओढून काढली.

मोकळी जागा भरपूर होती. एखादी म्हैस आरामात गेली असती.

ते दार ती उघडतच नव्हती. कितीतरी दिवसांत उघडलं नसावं. बिजागरीच्या सांध्यात कोळ्याने जाळं विणलं होतं.

चष्मेवाली वर गेल्यावर बहीण पांढऱ्या गाडीजवळ गेली. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेची रबरी पट्टी तिने नखाने जरा उचलली. आत पांढऱ्या रंगावर एक बारीक ठिपका होता. वाळलेल्या रक्तासारखा.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रक्त नव्हतं. डाळिंबी होता.

६

"चष्म्याची काडी सैल झालीय," बहीण दुसऱ्या दिवशी दुकानात म्हणाली.

चष्मेवालीने चष्मा घेतला, दिव्याखाली धरला. "सैल नाहीये मावशी. घट्ट आहे."

"हो. गाडीकाकांची बहीण मी. तुझ्याशी बोलायचं होतं."

मुलीच्या हातातला पेचकस खाली पडला. तिने तो उचलला नाही.

"दार उघडताना जे दार आपण उघडतो ना, त्याची कड आपटते," बहीण शांतपणे म्हणाली. "आपल्याच दाराच्या पोटात पोचा कसा पडेल? पोटात पोचा पडतो तो दुसऱ्याच्या दाराने. माझी वहिनी खांबाला दार आपटलं म्हणाली. पण कडेची पट्टी अखंड, आणि पोचा दाराच्या मधोमध. म्हणजे वहिनी खोटं बोलली. आयुष्यात खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कुणासाठी बोलली?"

मुलगी रडायला लागली, अगदी आवाज न करता, जसं फार दिवसांचं रडणं बाहेर येतं.

"नवीन गाडी होती माझी. काकू बाजारातून येऊन मागच्या सीटवरून भाजी काढत होत्या. रजई अजून लावायची होती. मी शेजारी आले आणि दार उघडलं, आणि… मी थरथरायलाच लागले, मावशी. त्याच्या आदल्याच महिन्यात काका एका माणसाला सगळ्यांसमोर इतकं बोलले होते की त्याने इथलं पार्किंग सोडलं. मी म्हटलं, मी आत्ताच जाऊन सांगते. तर काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, वेडी का तू? मी सांगते माझ्या हातून झालं. माझ्यावर रागावतात ते, पण तासाभरात विरघळतात. तुझ्यावर रागावले तर तुला रोज खाली यायची धास्ती वाटेल."

"आणि?"

"माझ्याकडून वचन घेतलं. कधी सांगायचं नाही म्हणाल्या. नंतर कळलं तर ह्यांनाच स्वतःची लाज वाटेल, आणि ते मला बघवायचं नाही, असं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूच गेल्या. वचन घेणारं माणूसच राहिलं नाही, मावशी. मग ते मोडायची परवानगी मी कोणाकडे मागू?"

बहिणीने काऊंटरवरून हात पुढे केला. मुलीने तो धरला.

"काका रोज सकाळी यायचे. रजई वर करून त्या पोच्यावर हात ठेवायचे, डोळे मिटून. मला वाटायचं, त्यांना कळलंय. मला दाखवण्यासाठीच करतात. वर्षभर एक अक्षर बोलले नाहीत, नुसता हात ठेवायचे. मी जिन्यात थांबून राहायची, ते जाईपर्यंत. शेवटी ते गावाला गेले तेव्हा म्हटलं, सांगता येत नाही, निदान भरून तरी देऊ. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. बहिणीला वाटलं, इथेच उठावं, घरी जावं, दादाला म्हणावं, नाही सापडला चोर. पण मग पडद्यांच्या दुकानातला तो पोरगा जन्माचा घराबाहेर. आणि खरं सांगावं तर? दादा वर्षभर स्वतःला कोसत होता, ते निदान वहिनीच्या चुकीवर रागावलो म्हणून. आता कळणार होतं की तिची चूकही नव्हती.

"वचन तू दिलंयस," ती उठत म्हणाली. "मी नाही दिलेलं."

चष्मेवालीने दुकानाचा दिवा मालवला. "मग मीही येते. माझ्यामागे माझी गोष्ट नको सांगायला."

७

भाचा दारातच उभा राहिला. आत ये असं बापाने म्हटलं नव्हतं. आत्याच्या शब्दाखातर आला होता, तेवढंच. दादा खुर्चीत, चष्मेवाली समोर. बहिणीने सगळं क्रमाने सांगितलं, गोंदाचा थेंब, न उघडलेलं दार, पट्टीखालचा डाळिंबी ठिपका. तिचा आवाज कुठेच चढला नाही. वर्षानुवर्षं लोकांना नुकसान समजावून सांगितलं होतं तिने. पण त्याची भरपाई व्हायची.

"तू गाडीतला एवढा जाणकार, दादा. पोचा पोटात आहे, कडेला नाही, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"मी बघितलाच नाही गं," दादा म्हणाला. "त्या दिवशी मी फक्त रागावलो. आणि नंतर… नंतर तो पोचा नव्हताच."

मग तो मुलीकडे वळला. तिने अंग चोरलं.

"काय म्हणाली ती? शब्द न् शब्द सांग."

मुलीने सांगितलं. 'तासाभरात' हा शब्द आला तेव्हा दादाने हात वर केला.

"तासाभरात म्हणाली?"

"हो, काका."

"तासाभरात." त्याने तो शब्द नुसता ओठांवर ठेवला. "म्हणजे वाट बघत होती. जागी होती ती, मला कळत होतं. कूस बदलत होती. एकदा माझ्या पाठीला हात लागला तिचा. मी मुद्दाम झोपेचं सोंग घेतलं." तो बहिणीकडे वळला. "ठमे, एक तास मागितला होता तिने माझ्याकडून. फक्त एक तास."

दारातला मुलगा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. आईबद्दल आज पहिल्यांदाच कोणीतरी त्याला काही सांगत होतं.

"पोरी," दादा म्हणाला, "एकच विचारतो. खरं सांग. वर यायला निघाली, तेव्हा ती मला घाबरली होती का?"

मुलगी क्षणभर गप्प राहिली. अगदी क्षणभर. मग म्हणाली, "नाही हो, काका. हसत होत्या. भाजीची पिशवी हलवत हलवत गेल्या."

खोटं कुठे सांधलंय हे बहिणीला ऐकताक्षणी कळायचं. त्याचीच तर नोकरी केली होती तिने. तो क्षणभराचा थांबाही तिने ऐकला. पण तिने मुलीकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

"हसत होती," दादा म्हणाला. मग मुलाकडे वळून, त्याला आत ये म्हणायचंही विसरून, पुन्हा म्हणाला, "ऐकलंस का रे? तुझी आई हसत होती म्हणे."